शॉडीचा कोट

कोशात शब्द भरणाऱ्या साहेबांनो, तुम्ही चोर आहात. इंग्लंडातल्या बॅटली गावाच्या तोंडचा एक शब्द उचललात आणि त्याची शिवी करून परत तोंडावर फेकलीत. शॉडी म्हणजे जुन्या लोकरी चिंध्या पिंजून, त्यात थोडी नवी लोकर मिसळून विणलेलं कापड. अख्खं गाव त्यावर जेवतं. कुठल्याशा ठेकेदारानं सैन्याला ह्या कापडाचा निकृष्ट माल विकला, तो पावसात विरला, आणि तुम्ही शिक्षा ठोठावलीत ती कापडाला. ‘शॉडी : हलकं, दिखाऊ, भिकार.’ लिहून मोकळे. तुमच्या ह्या एका ओळीपायी टेमर ओल्डरॉइडच्या पोरीचं, लीयाचं, लग्न मोडायला आलं होतं.

टेमर गिरणीत चिंध्या निवडायची. तिचा नवरा जेबेझ त्या चिंध्या फाडणाऱ्या दातेरी यंत्रावर होता. त्या यंत्राला सगळं गाव सैतान म्हणतं. लीड्स शहरातून होणाऱ्या विहीणबाई, मिसेस सगडेन, भावाला घेऊन पहिल्यांदा चहाला आल्या आणि त्यांनी विचारलं, “लीयाचे वडील काय करतात?”

“सैतानाकडे असतात,” टेमर म्हणाली. “लग्नाच्या आधीपासून. लोणी लावू ना पावाला?”

विहीणबाईंचा घास हातातच राहिला. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसणारी बाई ती. काहीतरी बघायचं म्हणून त्यांनी पडदे बघितले, सतरंजी बघितली आणि भावाला हळूच म्हणाल्या, “सगळं कसं शॉडी आहे.”

टेमरनं ते ऐकलं आणि तिचा चेहरा फुलला. “ओळखलंत की. तुमची नजर पक्की आहे हं, बाई. थँक्यू.”

लीया कानापर्यंत लाल झाली. विहीणबाईंचा भाऊ बार्नबी खोटंखोटं खोकत खिडकीशी गेला. टेमर इतकी खूश, की तिनं कपाटातून जावयासाठी शिवलेला कोट काढला आणि विहीणबाईंच्या मांडीवर पसरला. गडद निळा, जाड, मऊ. त्यासाठी वर्षभर ती चांगल्यातल्या चिंध्या वेगळ्या काढत होती. त्यात खलाशाचा स्वेटर होता, बँडवाल्याचा डगला होता, कुणा पाद्र्याचा झगासुद्धा होता.

“अस्सल शॉडी,” ती म्हणाली. “एडविन हाच घालून उभा राहणार.”

विहीणबाई उठल्या. “माझा मुलगा लग्नात शॉडी घालणार नाही. घालणार असेल तर मी येणार नाही.”

त्या गेल्यावर लीयानं शहरात त्या शब्दाचा अर्थ काय होतो ते सांगितलं. टेमर मटकन खाली बसली. “म्हणजे तिनं माझ्या घराला भिकार म्हटलं, आणि मी तिला थँक्यू म्हटलं?”

“वर नजरेचं कौतुकही केलंस,” जेबेझ म्हणाला आणि हसून हसून त्याला ठसका लागला.

“तुम्ही हसू नका. त्या शब्दावर पोर वाढवलीय आपण.”

“आई, त्यांनी पाठ फिरवली तर एडविन लग्नाला उभा राहायचा नाही,” लीया म्हणाली. “त्याचं सगळं आईच आहे. घालू दे ना दुसरा कोट.”

टेमर रात्रभर धुमसली. सकाळी म्हणाली, “घालू दे.” पण लग्नाच्या दिवशी निळा कोट हातावर टाकूनच ती चर्चमध्ये गेली.

मागच्या खोलीत विहीणबाई दुकानातून आणलेला कोट एडविनला चढवत होत्या. एडविन हडकुळा, आणि कोटाचे खांदे एखाद्या पहिलवानाचे. त्यानं हात वर केला, तर खांदा कानाला लागला. बार्नबीनं तो खांदा चिमटीत दाबून बघितला. तरुणपणी फिरत्या नाटकात विदूषकाची कामं केलेला माणूस.

“ताई, हा कापूस आहे नुसता. आम्ही पोट मोठं दाखवायला भरायचो तसला. पूर्वी ह्या कापसाला बाँबॅस्ट म्हणायचे, आता पोकळ भाषणाला म्हणतात. कोंबडीच्या पोटातलं सारण म्हणजे फार्स, तर आता माझ्या नाटकाला फार्स म्हणतात. आपण जे जे आत भरतो, त्याची शेवटी शिवीच होते बघ.”

“तू गप्प बस,” विहीणबाई म्हणाल्या. “एडविन, ताठ उभा राहा.”

“आई,” एडविन म्हणाला, “मी ताठच आहे. कोट वेगळा उभा राहतोय.”

दारात टेमरच्या मागे उभ्या जेबेझला पुन्हा ठसका लागला. मग लीया हसली, आणि हसू दाबता दाबता एडविनही. त्यानं कोट काढून खुर्चीवर ठेवला आणि टेमरपुढे हात केला. “द्या तो. आई, तू आलीस तरच मी लग्न करीन. पण करीन ते ह्याच कोटात. आता तू ठरव.”

टेमरनं दार धरून ठेवलं होतं. एक शब्द बोलली असती तर सगळं मोडलं असतं, आणि जिभेवर तर शंभर होते. तिनं दात आवळले आणि कोट पुढे केला.

निळा कोट एडविनच्या अंगावर बसला, तो जणू त्याच्याबरोबरच वाढला होता. विहीणबाई पुढे झाल्या. कॉलर सरळ करायची म्हणून हात लावला आणि तो तिथंच राहिला. त्या दगडी खोलीत त्यांची बोटं गारठली होती.

“ऊबदार आहे,” त्या म्हणाल्या.

“शॉडी आहे,” टेमर म्हणाली.

विहीणबाईंनी मुलाकडे बघितलं. “हो,” त्या म्हणाल्या, “चांगली शॉडी आहे.” आणि पहिल्या बाकावर बसायला निघाल्या.

त्या दुपारी बॅटलीत हॅम संपलं, बिअर संपली, पण नाच थांबेना. विहीणबाई जेबेझबरोबर नाचल्या आणि पाहुण्यांना सांगत सुटल्या, की आज मी सैतानाच्या माणसाबरोबर नाचले.

आता साहेब, तुम्ही बोला. त्या बाईनं भर लग्नात ‘चांगली शॉडी’ म्हटलं. तुमच्या कोशाप्रमाणे ते चुकीचं आहे. तो अर्थ लिहिण्याआधी तुम्ही बॅटलीत कुणाला विचारलं होतंत? नाव सांगा.