भिंतीतली सवत

नातीनं भिंतीवर रंगवलेल्या बाईनं सकाळी चूल पेटवली, तेव्हा सोनाक्कांना नवल वाटलं नाही. राग आला, तो धुराचा.

"मयूरे, तुझ्या त्या बाईला सांग, वल्ली लाकडं घालू नगंस म्हणावं. माझं डोळं गेलं."

"आज्जी, ती तूच आहेस," मयूरी ब्रश धूत म्हणाली. "मी लहान असताना तू अशीच दिसायचीस."

ते खोटं नव्हतं. मयूरीला आठवलं तसं तिनं काढलं होतं, आणि तिच्या लहानपणी तिचे आजोबा जिवंत होते. म्हणून भिंतीतल्या बाईच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं.

हळदीकुंकवाला गल्लीतल्या बाया आल्या. सोनाक्कांना वळसा घालून भिंतीपाशी गेल्या. भिंतीतलीनं हात बाहेर काढून ओटी घेतली.

"म्हातारे, सरक की जरा. मालकीण दिसंना," एक जण म्हणाली.

"मालकीण मी हाय, भवाने! ती नुसता रंग हाय!"

कुणी वळून पाहिलं नाही. त्या दिवसापासून सून आमटीचं मीठ भिंतीला विचारू लागली. मुलगा कामाला निघताना भिंतीच्या पाया पडू लागला. खोली रोज थोडी आखडत होती आणि चित्रातलं स्वयंपाकघर तेवढंच लांबत होतं. शेवटी सोनाक्कांना उभं राहण्यापुरतीच जागा उरली, नाक भिंतीला टेकून.

तेव्हा आतून खोकला ऐकू आला. मेलेल्या नवऱ्याचा खोकला त्यांनी हजारांत ओळखला असता.

"आत कोण हाय?"

"आमचं मालक. जेवत्यात," भिंतीतली म्हणाली.

"त्यास्नी म्हणावं, सोना आलीया."

तिनं सोनाक्कांचं मोकळं कपाळ न्याहाळलं. "सोना मी. तुमचं मालक कवाच गेलं न्हवं?"

सोनाक्कांनी थुंकी लावून बोट ओलं केलं आणि तिच्या कुंकवावर टेकवलं. कुंकू जरासं फिसकटलं. आत ह्यांना ठसका लागला, श्वास घुसमटला. सोनाक्कांनी बोट मागं घेतलं. आत पाण्याचा घोट वाजला.

भिंतीतलीनं आत जाऊन उष्टं ताट आणलं आणि बाहेर सरकवलं. "घासून ठेव."

ताटात भाकरीचा चतकोर होता, वर ठेचा. बायकोसाठी घास ठेवून उठायची ह्यांची रीत होती. सोनाक्कांनी तो उचलला. अजून ऊन होता.

"त्यो माझा हाय," ती म्हणाली आणि दुसरं टोक धरलं.

आत पाट सरकला. "सोने, कुणासंगं भांडतीस गं?" म्हणत पावलं दाराकडं येऊ लागली.

दोघींनी एकदमच डोक्यावर पदर ओढला.