दसऱ्याची उचल

वनमालाने हात पुढे केलाच नाही.

चंद्रप्रकाश शेठ पेढा आणि पाकीट घेऊन तिच्या मशीनपुढे ताटकळला. साकीनाक्याच्या त्या बॅगांच्या कारखान्यात दसऱ्याला मशीनची पूजा झाली, की शेठ प्रत्येकाच्या हातावर पेढा ठेवी आणि वर पाकिटात नवी उचल. पेढा चांगला असायचा, त्याबद्दल तक्रार नाही. पण उचल घेतली की पुढचं वर्ष शेठचं. पगारातून कापली जाऊनही ती संपत नसे, आणि फिटेपर्यंत गल्लीतला दुसरा कुठलाही मालक त्या माणसाला दारात उभं करत नसे.

पहिली उचल तिने नवऱ्याच्या, धाकूच्या, आजारपणात घेतली होती. धाकू गेला, उचल राहिली. यंदा पावसाळ्यात गावी आई वारली, तर शेठने सोडलं नाही. तू परत आली नाहीस तर माझे पैसे कोण देणार, म्हणाला. तिकडे आईला तिच्याशिवाय नेलं आणि इकडे वनमाला दिवसभर बॅगांचे पट्टे शिवत बसली. त्याचा राग तिला अजून जेवू देत नव्हता. तिचा आजा खोताच्या शेतात फुकट राबायचा. आधी खोताची नांगरट, मग स्वतःची. पण खोती कधीच बुडाली होती, आणि ही तर मुंबई होती.

मानखुर्दला कामगारांच्या बैठकीत संघटनेच्या निधीताईंनी सांगितलं की असं बांधून ठेवणारं कर्ज कायद्याने शहात्तर सालीच रद्द केलंय, ते फेडायचंच नसतं. वनमालाने पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली आणि सरकारी कचेरीत अर्ज दिला.

"घे गं, सणाचा दिवस आहे," शेठ म्हणाला.

"पेढा द्या. पाकीट नको."

"आणि आधीचं कोण देणार?"

"त्याचा अर्ज दिलाय मी. साहेब विचारतील तुम्हाला."

"या गल्लीत तुला काम कोण देतं, तेच बघतो."

"बघा ना. आईच्या वेळी थांबले. आता नाय थांबणार."

मशिनी बंद होत्या, त्यामुळे हे सगळ्यांना ऐकू गेलं. शेजारच्या राजेशने खिशात घातलेलं पाकीट बाहेर काढलं आणि मशीनवर ठेवून दिलं.

वनमालाने आपल्या मशीनचा झेंडूचा हार उतरवला. फुलं तिची होती, ओवलाही तिनेच होता. तो पिशवीत ठेवून तिने आपट्याचं पान काढलं.

"सोनं घ्या, शेठ."

दसऱ्याचं सोनं कुणी नाकारत नाही. शेठने पाकीट काखेत धरलं आणि हात पुढे केला.