जांभळी पत्रपेटी

ड्रिलचं टोक विटेवरून घसरलं आणि फाटकाच्या खांबावर एक लांब ओरखडा उमटला. साहेबांनी बटण सोडलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि पेन्सिलीने काढलेल्या फुलीकडे पाहिलं. फुली जिथल्या तिथे होती. भोक मात्र तिच्यापासून बोटभर डावीकडे पडायला निघालं होतं.

समोरच्या दुकानातला वेल्डर बराच वेळ हे पाहत होता. शेवटी त्याला राहवेना. फडक्याला हात पुसत तो रस्ता ओलांडून आला.

"द्या इकडे साहेब. चहा निवायच्या आत लावून देतो."

"नको."

"अहो, मजुरीचं मनात आणू नका. शेजारी म्हणून करतो."

"मजुरीचा प्रश्न नाही. मला करायचंय."

खांबाला एक कागद टेकवून ठेवलेला होता. वेल्डरने तो उचलला. पेटी समोरून, बाजूने आणि वरून काढलेली, प्रत्येक रेघेला माप, कोपऱ्यात प्रमाण आणि तारीख. त्याने कागद उभा-आडवा फिरवून पाहिला.

"पेटी आहे की धरण?"

साहेब हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. चौतीस वर्षं त्यांनी धरणांचेच नकाशे काढले होते. कचेरीत त्यांच्यामागे सगळे त्यांना मिलिमीटर म्हणत; ते त्यांच्या कानावर आलं होतं आणि मनातून त्यांना आवडलंही होतं. पण त्या चौतीस वर्षांत त्यांनी घरात एक खिळा ठोकला नव्हता. खिळे बायको ठोकायची. "यांच्या हातात हातोडा दिला तर भिंत रजेवर जाईल," असं ती आल्या-गेल्याला सांगायची.

"टोक लाकडाचं लावलंय तुम्ही. विटेला वेगळं लागतं," वेल्डर म्हणाला. खिशातून एक टोक काढून त्याने खांबावर ठेवलं. "अडलं तर हाक मारा."

हाक मारावी लागली नाही. दुपार कलेपर्यंत चार भोकं पडली. त्यांतली दोन उपयोगाची होती.

पेटीचं हे काम निघालं ते टेलरमास्तरांमुळे. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान. पंधरा दिवसांपूर्वी साहेब तिथे पँट आणायला गेले, तर फळ्या निम्म्या रिकाम्या. मास्तर दुकान बंद करून मुलाकडे राहायला चालले होते. पँट कागदात बांधून झाल्यावरही त्यांनी ती पुढे केली नाही. शिवायचं काही नसताना मशीनचं चाक उगाच फिरवत राहिले.

"साहेब, एक गोष्ट सांगायची राहिलीय. रागावू नका."

"बोला ना."

"वहिनींची पत्रं इथे यायची. माझ्या पत्त्यावर. तुमच्या लेकीची."

साहेबांना आधी शब्द कळले आणि मग हळूहळू अर्थ. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बायको काहीतरी शिवायला टाकायला म्हणून यायची, त्या तिथल्या स्टुलावर बसायची, पत्र दोनदा वाचायची आणि उत्तरही इथेच लिहायची. साहेबांच्या डोळ्यांपुढे घरातलं कपाट आलं. घरात उशा चार, आणि अभ्रे पंचवीस तरी असतील. एवढे अभ्रे कशाला, असं त्यांनी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली होती, "असू देत. पाहुणे येतात." पाहुणे कधी येत नसत.

"वहिनी गेल्यावरही एक आलं," मास्तर म्हणाले. "माझ्या नावावर. बाबा कसे आहेत, एवढंच विचारलंय. मी कळवलं, बरे आहेत म्हणून. पण आता दुकानच राहणार नाही." ते थांबले. "तिला पत्ता कुठला देऊ?"

साहेबांनी त्यांच्या हातातून पँटचं पुडकं घेतलं, दोरी सोडली, परत बांधली.

"घरचा द्या."

दुकानाची पायरी उतरून ते चार पावलं गेले आणि मागे फिरले.

"मास्तर, तिला रंग कुठला आवडायचा हो?"

मास्तरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "जांभळा. आठ वर्षांची होती. जांभळाच फ्रॉक हवा म्हणून याच फरशीवर बसून रडली होती. तुम्ही राखाडी कापड आणलं होतंत. मळत नाही म्हणून."

आठ वर्षांपूर्वी मुलीने स्वतःच्या मनाने लग्न केलं. मुलगा वाईट नव्हता. पण त्याची पहिली बायको वारलेली आणि पदरात तीन वर्षांची मुलगी. साहेब म्हणाले होते, "दुसऱ्याचं मूल वाढवायला तुला एवढं शिकवलं का?" ती म्हणाली होती, "ती दुसऱ्याची नाही, बाबा." त्यानंतर ती घरात थांबली ती बॅग भरण्यापुरती. महिन्याभराने तिचं पत्र आलं. साहेब फाटकातच होते. त्यांनी पोस्टमनकडून पेन मागून घेतलं, पाकीट त्याच्याच झोळीवर टेकवलं आणि नकाशावर लिहितात तशा एकसारख्या, सरळ अक्षरांत त्यावर लिहिलं: घेण्यास नकार. मग ते पाकीट त्याच्या हातात परत दिलं. पुढे पत्र आलं नाही. पोरगी आपल्यासारखीच हट्टी निघाली, असं ते मनाशी म्हणत आणि त्यात त्यांना थोडं बरंही वाटे. बायको गेली त्या दिवशी ती आली होती. मागे बायकांच्या घोळक्यात एकटीच उभी होती. दोघांनी एकमेकांना पाहिलं. भोवती माणसं होती, कुणी ना कुणी हात धरून बोलत होतं. घोळका पांगला तेव्हा ती निघून गेली होती.

ते पाकीट त्यांनी स्वतःच्या हाताने परत केलं होतं. आता पेटी दुसऱ्याच्या हातून लावून घेणं त्यांच्या जिवाला पटत नव्हतं. पण हे वेल्डरला कसं सांगणार?

पत्र्याची पेटी खांबावर बसली. उजवा कोपरा किंचित वर राहिला. सपाटी तपासायची पाण्याची नळी त्यांच्याजवळ होती, पण त्यांनी ती लावून पाहिली नाही. रंगाच्या दुकानात जांभळा डबा नव्हता, म्हणून लाल आणि निळा असे दोन आणून त्यांनी जुन्या वाडग्यात कालवले. पहिल्यांदा चिखलाचा रंग आला. दुसऱ्यांदा वांग्याचा. तिसऱ्यांदा निळा थेंबाथेंबाने घालत गेले, तेव्हा कुठे जमला. पहिला हात देऊन पेटी वाळू दिली, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरा हात दिला आणि वर पांढऱ्याने 'पत्रे' लिहायला घेतलं. ज्या हाताने हजारो नकाशांवर अक्षरं घातली, त्या हाताला ब्रश मात्र ऐकेना. 'त्र' पूर्ण होता होता त्याच्या पायाशी एक ओघळ निघाला आणि पार खालच्या कडेपर्यंत गेला.

"जांभळी पेटी!" वेल्डर म्हणाला. "पोस्टवाल्यांना वाटेल दातांचा दवाखाना उघडलाय."

"वाटू दे."

"आणि ते 'त्र' रडतंय."

साहेबांनी ओघळ पुसायला फडकं उचललं, आणि तसंच खाली ठेवलं.

मास्तर मुलाकडे राहायला गेले. जाताना सांगून गेले की घरचा पत्ता त्यांनी मुलीला कळवलाय, पत्र टाकून आठवडा झाला. आता येईल. पोस्टाची बाई साधारण एकला येत असे; साहेब साडेअकरापासून फाटकाजवळ काही ना काही काम काढत. कुंड्या हलवत. कडीला तेल देत. पहिल्या दिवशी विजेचं बिल आलं. मग चपलांच्या सेलचं पत्रक. मग दोन दिवस काहीच नाही, मग पेन्शनरांच्या संघटनेची सभेची सूचना, तीही गेल्या महिन्याच्या सभेची. पेटीत हात घालून ते तळ चाचपत, कोपरेसुद्धा. पेटी एवढीशी, तरी चाचपत.

तेराव्या दिवशी पोस्टाच्या बाईने फाटकापाशी सायकल थांबवली. पंचविशीतली मुलगी, घाम पुसायला तिने ओढणीचं टोक खांद्यावर खोचलेलं होतं.

"आज काही नाही काका. रोज उभे असता. महत्त्वाचं यायचंय का काही?"

"मुलीचं पत्र यायचंय."

"तुम्ही कधी टाकलं होतंत?"

"मी नाही टाकलं. पत्ता कळवलाय तिला. दुसऱ्या कुणीतरी."

तिने घंटीवरची धूळ बोटाने पुसली. मग पेटीकडे पाहून म्हणाली, "पेटी मस्त झालीय हं. पण ती तिला तिकडून थोडीच दिसतेय?"

आणि सायकलवर टांग मारून पुढच्या घराकडे गेली. तिने ते सहज म्हटलं होतं. साहेब मात्र तेलाची बाटली हातात धरून तिथेच उभे राहिले.

त्याच दुपारी ते नकाशांच्या जुन्या टेबलाशी बसले. पहिल्या कागदावर तब्येतीबद्दल लिहिलं. वाचून पाहिलं तर ते डॉक्टरला लिहिल्यासारखं झालं होतं. दुसऱ्या कागदावर त्या वेळी आपण तसं का बोललो ते लिहिलं. त्यात 'मी' अकरा वेळा आला होता. त्यांनी मोजला. तिसरा कागद कितीतरी वेळ कोराच राहिला. एका ओळीपाशी ते फार अडले. आधी 'ती मुलगी' लिहिलं आणि खोडलं. मग 'त्यांची मुलगी' लिहिलं आणि तेही खोडलं. शेवटी नवा कागद घेऊन लिहिलं:

'फाटकाला पत्रपेटी लावली आहे. स्वतः लावली. थोडी वाकडी बसली आहे. रंग जांभळा. तुझी मुलगी आता कितवीत आहे? तिचं नाव मला माहीत नाही. कळव. यापुढे तुझं पत्र आलं तर मी घेईन.'

मास्तरांनी मापाच्या चिठ्ठीवर मुलीचा पत्ता लिहून दिला होता. तो पाहून साहेबांनी पाकिटावर उतरवला आणि पोस्टाच्या पेटीपर्यंत चालत जाऊन पाकीट आत टाकलं. ते खाली पडल्याचा आवाज आला, तरी क्षणभर हात फटीतच राहिला.

उत्तर दहा दिवसांनी आलं. पोस्टाच्या बाईने ते पेटीत टाकलं नाही. लांबूनच घंटी वाजवत आली आणि हातात दिलं. पाकिटावरचं अक्षर मुलीचं नव्हतं. गोल, मोठं, ओळीवरून खाली घसरणारं अक्षर होतं. साहेबांनी फाटकातच पाकीट फोडलं.

'तुमचं पत्र आईने वाचलं आणि डब्यात ठेवलं. मग परत काढून वाचलं. ती उत्तर लिहायला बसते आणि कागद फाडते. आतापर्यंत पाच फाडले. बाबा म्हणाले तिला वेळ दे. पण पोस्टाला पण वेळ लागतो म्हणून मी लिहिते. मी सहावीत आहे. मला भूमिती आवडत नाही. नाव सांगायला आईने थांबवलंय, ती म्हणाली ते आपण समोर सांगू. पेटी थोडी वाकडी म्हणजे किती वाकडी? आई म्हणते तुम्ही काहीच वाकडं करत नाही. मी म्हटलं, त्यांनीच लिहिलंय ना.'

समोरून वेल्डरने ओरडून विचारलं, "आलं का साहेब?" साहेबांनी मान हलवली, हो की नाही ते त्याला कळलं नसावं.

पत्राच्या खाली 'तुमची' असं लिहिलेलं होतं आणि पुढे मोजपट्टीने मारलेली एक रिकामी रेघ. रेघेच्या खाली आणखी बारीक अक्षरांत:

'इथे काय लिहायचं ते आईला विचारलं. ती म्हणाली मला नाही ठरवता येणार. म्हणून जागा सोडलीय. तुम्ही लिहून परत पाठवा.'

साहेब आत गेले. टेबलावरचा पसारा त्यांनी हाताने बाजूला केला, पत्र सपाट करून ठेवलं, दिवा जवळ ओढला. नकाशावर काहीही पक्कं करण्याआधी ते पेन्सिलीने लिहून पाहत. चुकलं तर खोडता येतं. आताही हात सवयीने पेन्सिलीकडेच गेला. तिला टोक होतं की नाही ते त्यांनी अंगठ्याने पाहिलं.

मग ती खाली ठेवली आणि शाईच्या पेनाचं टोपण काढलं.