पाटलांची हजेरी

कळसचे पोलीसपाटील महिपतराव बारामतीहून गुन्हा रोखायचं शास्त्र शिकून आले, आणि तेव्हापासून त्यांचं काही चालेनासं झालं. आठ दिवसांच्या वर्गात फौजदारांनी फळ्यावर लिहिलं होतं : चोर, माल, संधी. तिन्ही जमले की गुन्हा. त्यातलं एक काढलं की गुन्हा टळला. इथवर महिपतरावांना पटलं होतं. पण पंधरा दिवसांत प्रत्येकानं एक गुन्हा रोखून तसा कागद आणायचा होता, खाली रोखलेल्या माणसाचा अंगठा. नाही आणला तर पाटीलकी चुलतभावाकडं, सावळारामकडं.

तेरा दिवस महिपतराव गावभर फिरले. कुणी काही करीना. चौदाव्या दिवशी ते म्हस्कूकडं गेले. म्हस्कू हा गावातला एकुलता एक चोर, पण बारा वर्षं नुसता बसून होता.

"तात्या, चावडीच्या वट्ट्यावर घागर ठिवतो. तुमी उचला, मी धरतो."

"मन न्हाय व्हत, पाटील."

"नुसता हात तरी लावा."

"मन नसताना उचलली तर ती चोरी न्हाय, हमाली हाय."

हे त्यांना वर्गातल्यापेक्षा नीट समजलं. तरी घागर ठेवली. ती बायकोची, छबूबाईच्या माहेरची. विचारलं असतं तर मिळाली नसती, म्हणून विचारलं नाही. मग ते लिंबामागं लपले.

म्हस्कू आला, घागरीशेजारी बसला आणि तंबाखू मळत राहिला. ऊन डोक्यावर आलं. शेवटी वैतागून महिपतराव दबकत पुढं झाले नि त्यांनी घागर उचलली. म्हस्कूनं त्यांचं मनगट धरलं.

"कुणाची?"

"बायकोची."

"तिला ठावं हाय?"

तेवढ्यात छबूबाई तरातरा आल्या. "अवं, माझी घागर कुणी नेली बघा की! पाटील आसून काय उपेग?"

"घावला, वैनी," म्हस्कू म्हणाला. "सकाळधरनं लिंबामागं दडला व्हता."

महिपतरावांनी फळा आठवून पाहिला. माल होता, संधी होती. चोरही, म्हणजे, होता.

दुसऱ्या दिवशी बारामतीला फौजदारांनी कागद दोनदा वाचला.

"अंगठा कुणाचा?"

"माझा."

"आणि पाटलाची सही?"

"ती बी माझीच हाय, सायेब."

"कागद पुरा आहे," फौजदार म्हणाले. "वर्गातला पहिलाच."

पाटीलकी राहिली. आरोपीला मात्र सहा महिने रोज दिवेलागणीला पोलीसपाटलापुढं हजेरी लावली.

महिपतराव रोज चावडीवर जात, आपलं नाव पुकारत, "हाजीर" म्हणत आणि लिहून घेत. एकदा इंदापूरच्या बाजाराहून यायला उशीर झाला. आरोपीवर रागवावं की पाटलाची माफी मागावी, हे त्यांना उमजेना. वट्ट्यावर म्हस्कू बसला होता.

"तात्या, काय करू?"

"तुमी दोघं बघून घ्या," म्हस्कू म्हणाला. "मी न्हाय मधी पडत."