साहेबांना वाटेकरी

घोड्याचं खरं नाव काही वेगळं असेल, पण पागेत सगळे त्याला साहेबच म्हणत. मान ताठ, चाल संथ, आणि समोर कोण उभं आहे याची फारशी फिकीर नाही. पोस्टमनने निवृत्त झाल्याझाल्या हा घोडा घेतला, तेव्हा त्याची बायको, म्हणजे टेलरबाई, कित्येक दिवस त्याच्याशी धड बोलली नव्हती. "आयुष्यभर दारोदार फिरून पाय झिजवले, आता जरा दुसऱ्याचे पाय वापरू दे," एवढंच तो म्हणाला. तिने घोड्याला सवत ठरवून टाकलं आणि सवतीच्या घरात पाऊल टाकणार नाही असं वर ऐकवलं. नवरा होता तोवर तिने ते पाळलंही.

आता तो नव्हता. दुखणं डाव्या खुब्याच्या हाडात सुरू झालं होतं आणि कळेपर्यंत अंगभर पसरलं होतं. कधीपासून दुखतंय, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा पोस्टमन म्हणाला, झाला असेल आठवडा. डॉक्टरांना ते पटेना. मग टेलरबाईनेच त्यांना ठासून सांगितलं की रस्त्यापलीकडून चाललेल्या परक्या माणसाचा खांदा बोटभर उतरलेला मला इथून दिसतो, घरातल्या माणसाचं दुखणं माझ्या नजरेतून सुटेल का? ती हे बोलत होती तेव्हा पोस्टमन खिडकीबाहेर बघत होता. पुढे सगळं फार भराभर झालं.

मागे राहिला घोडा. त्याचा चारा, दाणा, नाल, पागेचं भाडं, हे सगळं शिलाई मशीनच्या जिवावर निभणारं नव्हतं. लेक लांब राहायची. ती फोनवर रोज एकच सांगायची, आई, विकून टाक. टेलरबाईलाही ते पटलं होतं, म्हणूनच ती पहिल्यांदा पागेत गेली. बाहेर गारठा होता म्हणून नवऱ्याचा जुना स्वेटर अंगात होता. साहेबांनी मान खाली केली, स्वेटरच्या खिशात नाक खुपसलं आणि तसेच उभे राहिले. खिशात काही नव्हतं, तरी नाक काढीनात. टेलरबाई घरी आली आणि तिने लेकीला सांगितलं की विकायचं नाही. उगाच वाद घालू नकोस.

तेव्हा पागेवाल्याने तोड सुचवली. वाटेकरी बघा, वहिनी. मालकी तुमचीच राहील. वाटेकऱ्याने आठवड्यातले दोन-तीन दिवस येऊन फिरवायचा, खरारा करायचा आणि निम्मा खर्च उचलायचा. हौस आहे पण घोडा पोसायची ऐपत नाही अशी माणसं पुष्कळ असतात. नाही जमलं तर बागेत मुलांना घोड्यावरून फिरवणारा एक माणूस केव्हाचा मागे लागला होता. तो महिनाअखेरीपर्यंत थांबायला तयार होता, त्यापुढे नाही.

माणसं आली खरी. आधी बँकेतली एक मुलगी आली. टापटीप टोपी, चकचकीत बूट, सगळं सामान घोड्याआधीच घेऊन ठेवलेलं. घोड्यावर डावीकडून चढायची रीत, पण तिने डावा पाय रिकिबीत घातला की साहेब गर्रकन वळून उभे राहायचे. पुन्हा घातला, पुन्हा वळले. मुलगी एका पायावर लंगडी घालत घोड्याभोवती फिरली आणि "काकू, याला मी आवडले नाही," म्हणून रडवेली होऊन गेली. मग एक पहिलवान गडी आला. असले पुष्कळ सरळ केलेत म्हणाला. साहेबांनी त्यालाही भीक घातली नाही. तिसऱ्याने तर लांबूनच पाहिलं आणि काढता पाय घेतला.

टेलरबाईने पागेवाल्याला विचारलं, हे बसायचे तेव्हाही असंच करायचा का हा? पागेवाल्याने डोकं खाजवलं. पोस्टमन घोडा मागच्या कट्ट्याजवळ न्यायचे म्हणाला, तिथूनच बसून निघायचे. आपण कधी मागे गेलो नाही. माणसाला एकांत हवा असतो, आपण कशाला नाक खुपसायचं?

महिना सरत आला तेव्हा औषधांच्या दुकानातली बाई आली. साधा सदरा, वापरून मऊ पडलेले बूट. लहानपणी मामाकडे घोडा होता म्हणाली. तिने घाई केली नाही. साहेबांच्या मानेवरून हात फिरवला, बराच वेळ काहीबाही बोलत राहिली. मग ती डावीकडे उभी राहिली, आणि साहेबांनी नेहमीसारखं वळून उजवी बाजू पुढे केली. पागेवाल्याने कपाळावर हात मारला. पण बाई हसली, म्हणाली, बरं झालं, मलाही हीच बाजू सोयीची. तिने उजवा पाय रिकिबीत घातला आणि उजव्या बाजूने वर चढली. साहेब दगडासारखे उभे होते. ती नीट बसेपर्यंत त्यांनी कानसुद्धा हलवला नाही.

पागेवाला खूश झाला. हा तर उलट्या बाजूची सवय लागलेला घोडा निघाला, तो म्हणाला. बिचारा प्रत्येकाला आपली उजवी बाजू देत होता आणि आपण त्याला अडेल म्हणत होतो.

बाई मैदानाला फेरी मारत होती आणि टेलरबाई कुंपणाला धरून उभी होती. ज्याच्या डाव्या पायाला भार सोसत नाही तोच माणूस उजवीकडून चढतो, हे कळायला तिला पागेवाल्याची गरज नव्हती. आणि घोड्याला अशी सवय आठवड्याभरात लागत नाही. तिला त्या तयार पँटी आठवल्या. शेवटच्या वर्षात पोस्टमनने तिच्याकडून कपडे शिवून घेणंच बंद केलं होतं. दुकानातून तयार पँटी आणायचा. टेलरचा नवरा तयार पँट घालून गावभर फिरतो, लोक मला काय म्हणतील, म्हणून ती किती भांडली होती. तो हसून म्हणायचा, अगं, तुला उगाच कशाला त्रास. तिने रुसून टेप उचलून ठेवली होती. ती टेप एकदा मांडीला लागली असती तर एक पाय वाळत चाललाय हे तिला तिथेच कळलं असतं, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो तिच्या टेपपासून लपत होता.

बाई उतरली तीही उजवीकडूनच. दोन पावलं टाकली आणि डावा पाय जपून पडतोय हे टेलरबाईला दिसलं.

"पाय कधीपासून दुखतोय?"

बाई चपापली. झालं असेल वर्ष, म्हणाली. थंडीचं दुखतं. गोळी घेते, मी स्वतःच औषधवाली.

"घरी माहीत आहे?"

"त्यांना उगाच कशाला."

पागेवाला मागून खुणा करत होता. निम्मा खर्च दारात चालून आला होता, साहेब तयार होते, बाई तयार होती. टेलरबाईने फक्त गप्प बसायचं होतं. तिला ते किती हवंसं वाटलं हे तिचं तिलाच माहीत.

"आधी हाडांच्या डॉक्टरला दाखवून या," ती म्हणाली. "घरच्यांना बरोबर घेऊन. त्याशिवाय मी घोडा देणार नाही."

बाईचा चेहरा पडला. नसेल द्यायचा तर सरळ सांगा ताई, माझ्या पायावर कशाला घालता, म्हणाली आणि निघून गेली. पागेवाल्याने वहिनींपुढे हात टेकले.

टेलरबाई साहेबांना मागच्या कट्ट्याजवळ घेऊन गेली. तिथे कोणी नव्हतं.

"तुला माहीत होतं," ती त्याला म्हणाली. "वर्षभर रोज माहीत होतं. मला नाही सांगितलं, तुला सांगितलं."

साहेबांनी वळून तिला उजवी बाजू दिली. मग मात्र ती त्याच्या पाठीवर डोकं टेकून रडली. नवऱ्याचा तिला इतका राग आला होता, आणि भांडायला तो नव्हता.

औषधवाली परत आली नाही. महिनाअखेरीला बागेतला माणूस दोर घेऊन आला. टेलरबाईने त्याला नीट समजावलं की हा वळला तर मारायचं नाही, वळू द्यायचं, आणि मुलांना उजव्या बाजूने बसवायचं. तो हो हो म्हणाला. तिने नवऱ्याचा स्वेटर घडी करून त्याच्या हातात दिला. हा कशाला, त्याने विचारलं. सुरुवातीला घालून जात जा, ती म्हणाली, ओळख पटेल. साहेब रस्त्याच्या वळणापर्यंत मान ताठ ठेवून गेले.

उन्हाळा लागला तेव्हा टेलरबाईच्या दुकानाच्या दारात काठी टेकत कोणीतरी आलं. औषधवाली होती. बरोबर तिचा नवरा होता, हातात कापडाची पिशवी. बाई खुर्चीत बसली आणि तिने नवऱ्याला बाहेर थांबायला सांगितलं. त्या दिवशी रागारागाने घरी गेले होते, ती म्हणाली, आणि बडबडताना पायाचं तोंडून निघून गेलं. मग यांनी ऐकलंच नाही. गाठ होती हाडात. काढली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. पाय तेवढा आखूड झालाय, पँटी लोळतात.

टेलरबाईने मान हलवली.

"साहेब कसे आहेत?" बाईने विचारलं.

"गेले ते. विकले."

"तुम्ही गप्प बसला असता तर राहिला असता," बाई म्हणाली.

"हो."

टेलरबाईने मशीनच्या खणातून टेप काढली आणि तिच्यासमोर जमिनीवर बसली. तिने आधी उजव्या पायाचं माप घेतलं. मग टेप डाव्या मांडीभोवती धरली, आणि ती तशीच धरून बसली.

"काय झालं, ताई?"

"काही नाही," ती म्हणाली. "हलू नका. नीट घेऊ द्या."