पाटीचे दात

मी एक जुनी किसणी आहे. खोबरे किसायची नव्हे हं, मित्रांनो. मी इंजिनावर फिरते आणि टोपलीभर कसावा, म्हणजे तुमच्या साबुदाण्याचा कंद, बघता बघता किसून टाकते. आणि आधीच सांगून ठेवते, मी कोणाला माफ करत नाही.

मला इफेदिओराने घडवले. त्याची आई हाताने कसावा किसायची, तिची बोटे सोलून निघत. ते बघून त्याने लाकडी रुळावर खिळ्याने भोके पाडलेला पत्रा गुंडाळला. तेच माझे दात. पुढे अशा किसण्यांचा त्याने कारखाना काढला, तो चीफ, म्हणजे गावचा मानकरी झाला, निवडणुकीला उभा राहिला आणि मला गावाला देऊन टाकले. माझ्या डोक्यावर ही थोरली पत्र्याची पाटी लागली: 'चीफ इफेदिओरा यांच्याकडून माझ्या लोकांना'. बायका नाचल्या. मीही फुशारले.

मग तो पडला. आमच्याच गावाने त्याला मते दिली नाहीत. दुसऱ्या दिवशी तो स्वतः आला आणि माझा पत्रा उचकटून घेऊन गेला. पाटी मात्र ठेवली. न्क्वो वारी भरणाऱ्या बाजारासाठी बायकांनी चाळीस टोपल्या कसावा सोलून ठेवला होता. सोललेला कसावा कोणासाठी थांबत नाही. तो काळा पडला, सडला, किसाचा रवा भाजून गारी करायला मूठभरही उरला नाही. मी बोळकी होऊन बघत राहिले. ज्याने दात दिले त्यानेच उपटले, हे मी अजून विसरलेले नाही.

आमच्याकडे अशा पुरुषाच्या दारात बायका जाऊन बसतात. त्याचे घर माझ्या समोरच. मुसळे घेऊन सगळ्या तिथे गेल्या, त्याच्या कोतेपणाची गाणी म्हणू लागल्या, भिंतीवर मुसळे आपटू लागल्या. अशा वेळी मधे पडायची कोणा पुरुषाची छाती होत नाही. त्याची बायकोसुद्धा चूल विझवून त्यांच्यात येऊन बसली. तिसऱ्या दिवशी उपाशी चीफ माझा पत्रा घेऊन बाहेर आला.

बायकांची म्होरकी म्हातारी अदाकू म्हणाली, "तो ठेव तुझ्याकडेच. दिलेलं परत नेतोस तू. आम्हाला त्या पाटीचा नवा पत्रा हवा. आणि भोकं तू पाडायचीस."

"अदाकूमाय, तिच्यावर माझं नाव आहे."

"म्हणून तर."

तो माझ्यापुढे मांडी घालून बसला. पहिला खिळा स्वतःच्याच नावावर ठोकला. सगळे गाव बघत होते, कोणी हसले नाही. एकदा हातोडी बोटावर बसली, तेव्हा मला फार बरे वाटले. खोटे कशाला बोलू?

मित्रांनो, मला वेळेवर तेल द्या, काम झाले की धुऊन ठेवा. आणि कोणाला काही दिलेत, तर त्यावरचा हात काढून घ्या.

परवा चीफ पुन्हा मते मागत आला. सवयीने माझ्या डोक्यावर बघितले. तिथे नुसते दोन खिळे आहेत. नाव वाचायचे तर त्याला माझ्या तोंडात हात घालावा लागेल. घालू दे. मी वाटच बघते आहे.