डोंगराकडची खोली

"आजोबा, तिकडे काय बघताय? समुद्र इकडे आहे!" नात वरून ओरडली.

आजोबा काही वळले नाहीत. चढण चढून त्यांना धाप लागली होती. समुद्राकडे सरळ पाठ करून ते एका दगडावर टेकले आणि समोरच्या मातीकडे बघत बसले.

त्यांच्या मुलाला सगळे साहेब म्हणत. ते कड्याच्या टोकाशी उभे राहून हातवारे करत होते. "मॅडम, माझी एकच अट. घरातल्या प्रत्येक खोलीतून समुद्र दिसला पाहिजे. आणि सगळ्यात पुढची खोली बाबांची. आयुष्य गेलंय त्यांचं जहाजावर."

नकाशेबाईंनी मान डोलावली. हे नाव त्यांना ऑफिसातल्यांनी ठेवलं होतं आणि ते असं चिकटलं होतं, की खऱ्या नावाने कोणी हाक मारली तर त्यांना ओ द्यायला वेळ लागे. दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढता काढता त्यांचे केस पांढरे झाले होते. इथला उतार मात्र फारच उभा होता. घर बसवायचं तर खडकात खांब रोवायचे, मजले पायऱ्यांसारखे खाली सोडायचे आणि मागे माती अडवायला जाड भिंत घालायची.

स्वतः बाई तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत आईबरोबर राहत. आई अंथरुणाला खिळलेली. तिच्या उशाशी असलेली एकुलती एक खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडायची. संध्याकाळी बाई आईच्या शेजारी आडव्या होत, डोळे मिटत आणि अजून न झालेल्या घरात फिरायला निघत.

"कुठे पोचलीस?" आई विचारायची.

"जिन्यात. दोन्ही बाजूंना नुसतं निळं आहे, आई. घर कुठे संपलं आणि आभाळ कुठे लागलं, कळतच नाही."

"जपून उतर गं," आई म्हणायची.

काही आठवड्यांनी मॉडेल तयार झालं. पांढऱ्या पुठ्ठ्याचं घर, प्लॅस्टिकच्या काचा, थरावर थर चिकटवलेला डोंगर. नातीने कागदाची माणसं कापून आणली होती. तिची आई गच्चीवर, बाबा दिवाणखान्यात, ती स्वतः पोहण्याच्या तलावात. कागदी आजोबांना तिने पुढच्या काचेच्या खोलीत उभं केलं.

आजोबांनी ते आपलं कागदी रूप चिमटीत उचललं, घरभर फिरवलं आणि मागे, भिंतीच्या आणि डोंगराच्या फटीत ठेवून दिलं.

"बाबा, तिथे खोली नाहीये. ती माती आहे," साहेब हसून म्हणाले.

"मग होऊ दे की खोली."

"अहो, मस्करी करतायत ते," सून म्हणाली.

"मस्करी नाही गं. खरंच सांगतोय."

साहेबांचं हसू मावळलं. "बाबा, ही जागा मी तुमच्यासाठी घेतली. तुम्हाला समुद्राची सवय म्हणून."

"कसली सवय? मी इंजिनापाशी होतो रे. पाण्याच्या खाली. तिथे खिडकी नाही, काही नाही. समुद्र नुसता पत्र्यापलीकडे ऐकायचा. वर आलो तर चोहोकडे पाणीच पाणी, नजर टेकवायला जागा नाही. पडल्या पडल्या मी मातीच आठवायचो. ओली माती, त्यातली मुळं, एखादा किडा आपला निवांत चाललाय."

"हे कधी बोलला नाहीत."

"तू लहानपणी पोरांना सांगायचास, माझे बाबा समुद्रात राहतात. केवढ्या ऐटीत सांगायचास! म्हटलं, असू दे."

साहेब उठले. "बघा मॅडम, काय करायचं ते करा," म्हणाले आणि फोन कानाला लावून बाहेर गेले. फोन वाजलाच नव्हता.

त्या संध्याकाळी आईने विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "मागे अडकलेय. भिंतीपाशी."

आईने मान खिडकीकडे वळवली. "ही आपली भिंत बघ. सकाळी राखाडी असते. मग वरून ऊन उतरत येतं, अगदी सावकाश, पाहुणा आल्यासारखं. ओल धरली की हिरवी होते. तुला उगीच वाटतं मी कंटाळते म्हणून."

आईला धड एक खिडकी देता आली नाही, ही बोच मनात ठेवून बाई इतकी वर्षं लोकांच्या घरांच्या काचा मोठ्या करत आल्या होत्या.

त्यांनी नकाशात मागची भिंत मागे सरकवली. घर आणि डोंगर यांच्यात अरुंद मोकळी जागा सोडली आणि आजोबांच्या खोलीची खिडकी तिच्याकडे काढली. भिंत खिडकीसमोर मुद्दाम ठेंगणी ठेवली, म्हणजे तिच्यावरची माती डोळ्यांसमोर येईल. उजेड वरून पडू दिला. साहेबांनी नकाशा पाहिला, न पाहिल्यासारखा केला आणि सही केली.

घराचं काम अर्ध्यावर असताना आई गेली. त्यानंतरही बाई संध्याकाळी डोळे मिटून बघत. पण कोणी विचारणारं नसल्यामुळे त्या दारातूनच परत फिरत.

माणसं राहायला गेल्यावर काही महिन्यांनी सुनेचा फोन आला. "मॅडम, आजोबांच्या खोलीत पाणी झिरपतंय. रोज फरशी ओली होते."

चूक आपलीच असणार, या विचाराने बाई लगेच निघाल्या. पुढचा दिवाणखाना त्यांनी घाईघाईने ओलांडला. काचांपलीकडे समुद्र चमचमत होता आणि तिथे कोणीही बसलेलं नव्हतं.

मागच्या खोलीत साहेब पँट दुमडून, गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होते. आजोबा पलंगावर मांडी घालून सूचना देत होते.

"डावीकडे. अरे, डावीकडे! असं पुसलंस तर बुडालं असतं आमचं जहाज."

"मग तुम्ही रोज पुसायचात?"

"तळाला पाणी साचायचंच. मी नवा होतो, म्हणून मलाच जुंपायचे. एकदा तर घसरलो आणि थेट वरच्या साहेबाच्या अंगावर."

"मग?"

"मग काय, तोही आडवा!"

दोघं हसले. साहेबांना दारातल्या बाई दिसल्या. ते जरा ओशाळले आणि फडकं पिळायला न्हाणीघरात गेले.

बाईंनी कोपऱ्यात बोट लावून पाहिलं. पाणी थंडगार होतं, त्याला मातीचा वास होता. "आजोबा, माफ करा. उद्याच माणसं पाठवते."

आजोबांनी न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाई, इतकी घाई करू नका हं. कामावरून आला की रोज येतो तो पुसायला."

नळ बंद झाल्याचा आवाज आला. बाईंनी चपला दाराबाहेर काढल्या, बाह्या वर सारल्या आणि पलंगाखालचं दुसरं फडकं ओढून घेतलं.